जळकट वास कुठून येतोय?

माई ४०२: काल रात्री पुन्हा तोच वास. जळकं प्लास्टिक. हॉलमध्ये येतो आणि वरून येतो. मी कुणाचं नाव घेत नाही, पण माझ्या डोक्यावर कोण राहतं ते सगळ्यांना माहीत आहे.

५०२: नमस्कार माई. नाव न घेतल्याबद्दल आभारी आहे 🙏 आमच्याकडे कसलाही वास नाही. मागच्या वेळीही गळती आमची म्हणालात आणि शेवटी तुमच्याच गीझरचा जोड निघाला.

माई ४०२: तो विषय वेगळा होता.

२०३: मासे भाजले जात असतील माई 😄

१०१: चेष्टा नको दादा. मलाही पाचव्या मजल्यावर जिन्यात आला होता वास.

६०४: मी मागच्या सभेत म्हटलं होतं. संपूर्ण बिल्डिंगचं वायरिंग ऑडिट करून घ्या. मिनिट्समध्ये आलं नाही.

सेक्रेटरी: आलंय काका, दुसरं पान. आधी वासाचं बघू. ५०२, तुम्ही मध्यंतरी रात्री-अपरात्री मीटर रूमची किल्ली मागत होता असं वॉचमन म्हणाला. काय पडत होतं?

५०२: आरसीसीबी पडायचा, वीज गळाली की लाइन तोडणारा तो स्विच. दमट हवा असली की हमखास. इलेक्ट्रिशियनने आमच्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीची लाइन त्यातून काढून थेट जोडून दिली. तेव्हापासून एकदाही पडलेला नाही. विषय संपला.

अप्पा ३०१: आता हे काय लिहिलंत ते तुम्हीच एकदा सावकाश वाचा.

५०२: अप्पा, रात्री पंप बंद पडले तर सकाळी प्रवाळ मेलेलं असतं. गोड्या पाण्याच्या माशांसारखं नसतं ते. वर्षानुवर्षं वाढवलेलं आहे.

अप्पा ३०१: मान्य. पण तो काही हौसेने पडत नव्हता. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा असतो. म्हणजे तुमच्या लाइनमधून तेवढी वीज अर्थिंगकडे, नाहीतर कुणाच्या तरी अंगातून जायला निघाली की तो तोडतो. टाकीत हात घालून काच घासता ना? त्या वेळी मध्ये फक्त तो असतो.

५०३: पण एमसीबी आहे ना? मग कसली भीती?

अप्पा ३०१: एमसीबी ओव्हरलोडला पडतो आणि शॉर्टला पडतो. मिठाच्या थरातून झिरपणारी वीज त्याच्या खिजगणतीतही नसते. हिशेब करा. २३० व्होल्टला ०.२ अँपियर म्हणजे ४६ वॅट. सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटची असते. ती प्लगच्या दोन पिनांमध्ये रात्रभर टेकवून ठेवली असं समजा. सोळा अँपियरच्या एमसीबीला यातलं काही कळणार नाही.

६०४: म्हणूनच म्हटलं होतं. संपूर्ण बिल्डिंगचं वायरिंग ऑडिट.

२०३: अप्पा आज फुल फॉर्ममध्ये ⚡

माई ४०२: मला अँपियर कळत नाहीत. वास कळतो.

सेक्रेटरी: ५०२, टाकीखालच्या कपाटाचा फोटो टाका ना. कुणी आरोप करत नाहीये.

५०२: आरोपच चाललाय. टाकतो.

५०२: [फोटो]

१०१: बापरे. ते पांढरं काय आहे?

५०२: मीठ आहे ताई. पुसलं की जातं. सगळ्यांच्याच मरीन टाकीला असतं.

५०३: तेच मीठ लिफ्टमध्येही असतं. पाणी बदलायच्या दिवशी बादल्या कुठून जातात ते सीसीटीव्हीत बघा.

५०२: तुमची सायकल फायर एक्स्टिंग्विशरला टेकवलेली असते, तीही सीसीटीव्हीत दिसेल.

५०३: हा मेसेज डिलीट केला आहे.

सेक्रेटरी: कृपया. लिफ्ट आणि सायकल दोन्ही नंतर.

अप्पा ३०१: फोटो मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात या. एक्स्टेंशन बोर्ड कपाटाच्या तळाला आडवा पडलाय, सम्पच्या, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीच्या शेजारी. टाकीतून येणारी काळी वायर सरळ उतरून थेट त्यात घुसली आहे. वायरवर मिठाचे दाणे आहेत आणि ते खाली दाट होत गेलेत. शेवटच्या प्लगभोवती पांढऱ्यात तपकिरी डाग दिसतो, एका पिनेच्या बाजूला प्लास्टिक बसल्यासारखं झालंय. हीटरचा आहे का तो?

५०२: हो, हीटरचा.

अप्पा ३०१: हात लावू नका. त्या लाइनचा एमसीबी खाली करा, मग प्लग काढा.

५०२: मासे?

७०१: दादा, मी वरचा. माझी छोटी मरीन टाकी आहे. हीटर तासभर बंद राहिला तर काही होत नाही, पाणी इतक्या लवकर गार होत नाही. पाण्याची हालचाल थांबता कामा नये. सेलवर चालणारा एअर पंप आहे का?

५०२: होता. कुठे ठेवलाय बघतो.

२०३: एवढं काय घाबरता, वर काही शे लिटर पाणी आहे. आग लागली तर काच फोडायची, झालं!

अप्पा ३०१: चालू लाइनवर खारं पाणी? साध्या नळाच्या पाण्यापेक्षा ते कित्येक पटींनी जास्त वीज वाहून नेतं. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं त्यात. आधी मेन बंद. मग कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचं एक्स्टिंग्विशर. पाणी अजिबात नाही. गमतीतही लिहू नका, ग्रुपवर मुलं आहेत.

२०३: सॉरी अप्पा.

१०१: पण मीठ बोर्डापर्यंत जातंच कसं? टाकी तर झाकलेली आहे.

७०१: ताई, स्किमर म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, त्याचे बुडबुडे फुटतात, पंपाने शिंतोडे उडतात. पाणी वाळतं, मीठ राहतं. ते मीठ हवेतला ओलावा ओढून पुन्हा ओलं होतं, त्या ओल्यावरून पाणी आणखी पुढे सरकतं, तिथे वाळतं. असं ते वायर धरून चालत जातं. म्हणून दमट हवेत दादांचा आरसीसीबी पडायचा.

अप्पा ३०१: बरोबर. आणि एकदा प्लास्टिकवर कोळशाची रेघ उमटली की नुसतं पुसून भागत नाही. कोळसा स्वतःच वीज वाहतो. तो प्लग आणि तो बोर्ड दोन्ही फेकायचे.

६०४: संपूर्ण बिल्डिंगचं वायरिंग ऑडिट करून घ्या. तिसऱ्यांदा लिहितोय.

सेक्रेटरी: काका, चौथ्यांदा. रविवारच्या कमिटीत घेतो.

५०२: ठीक आहे. काढला. पिन हिरवट झाली आहे. पण अप्पा, आरसीसीबी परत लावला आणि आम्ही गावाला असताना पडला तर? हे मला कुणी सांगत नाही.

७०१: दादा, मी दोन आरसीसीबी लावलेत. एकावर मेन पंप, दुसऱ्यावर हीटर, स्किमर आणि एक वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप. एक पडला तरी पाणी हलत राहतं. लाइट गेली की फोनवर मेसेज देणारं यंत्रही आहे. हीटरला वेगळा कंट्रोलर, कारण आतला थर्मोस्टॅट चिकटला तर हीटर बंदच होत नाही. पाणी बदलताना हीटर आधी बंद, नाहीतर पातळी खाली जाते, काच उघडी पडते आणि तडकते.

५०२: हे कामाचं बोललास.

अप्पा ३०१: मी मगापासून बिनकामाचं बोलतोय बहुतेक.

५०२: तसं नाही अप्पा 🙏

अप्पा ३०१: बरं. बोर्ड कपाटाबाहेर भिंतीवर उभा ठोका, पाण्याच्या पातळीच्या वर आणि टाकीच्या बाजूला, डोक्यावर नाही. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ द्या आणि मग वर प्लगात न्या. थेंब आलाच तर झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाणी गार करणाऱ्या चिलरला स्वतःचा पॉइंट, एक्स्टेंशनवर नको. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आणि एक लक्षात ठेवा, फेज-न्यूट्रलच्या मधोमध मीठ साचलं तर आरसीसीबीलाही ते दिसत नाही. त्यामुळे प्लग बंद करून, काढून, पुसायचेच.

५०३: अर्थिंगची सळी टाकीत सोडतात म्हणे, ती लावली तर?

अप्पा ३०१: आरसीसीबी असेल तर ठीक, बिघाड झाल्या झाल्या तो पडेल. त्याच्याशिवाय लावू नका. टाकीत हात घालणाऱ्याला धोका वाढू शकतो.

माई ४०२: म्हणजे वास वरूनच येत होता.

५०२: माई, उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय. दुसरा. आधीचा नाही.

माई ४०२: त्याला खाली पण पाठव. माझ्या ओट्यामागचा सॉकेट गरम होतो.

अप्पा ३०१: माई! कधीपासून?

माई ४०२: दिवाळीच्या आधीपासून असेल. चालतोय म्हणून सांगितलं नाही.

६०४: बघा.

सेक्रेटरी: माई, तो सॉकेट आत्ता बंद करा. अप्पा, उद्या दहाला मोकळे आहात का? जिन्यातल्या एक्स्टिंग्विशरची तारीखही बघून घेतो.

५०३: सायकल काढली आहे. नोंद घ्यावी.

५०२: माझा सेलवाला पंप सापडला, पण आत सेल गळून गंजलाय. उद्या दोन-तीन तास लाइन बंद असेल. ७०१, तुझा मिळेल का?

७०१: मिळेल दादा. सोबत नवे सेल पण देतो. टाकी मोठी आहे, एक पुरणार नाही, दोन्ही घेऊन येतो.