नववीच्या पोरांना आपल्याच घरादाराची चौकशी करायला लावावी का?

पांझराकाठ
मी धुळे जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. येत्या जूनपासून नववीला एक काम द्यायचं ठरवतोय. घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं, एक रीत, एक गाणं किंवा एखादं हातचं काम नीट समजून घ्यायचं आणि सांगणाऱ्याच्याच बोलीत वहीत उतरवायचं. अहिराणी असेल तर अहिराणी, सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची पावरी असेल तर पावरी. स्टाफरूममध्ये निम्म्यांनी नाकं मुरडली, म्हणून इथे विचारतोय.

आमची पोरं घरी 'माले भूक लागनी' म्हणतात आणि शाळेच्या फाटकातून आत आली की बोलणंच विसरतात. पहिलीपासून त्या वाक्यावर लाल शाईच पाहिलेली असते त्यांनी. 2001च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिथे यातच मोजतात) ही मातृभाषा सांगणारे सुमारे 20 लाख 75 हजार होते, 2011 साली सुमारे 18 लाख 60 हजार. माणसं वाढली आणि हा आकडा घटला. बोली सुटत चालली आहे हे एक, पण ती आपली आहे असं सांगायला लोक लाजतात हेही मला त्यात दिसतं. आणि हा लाजण्याचा धडा शाळेतच गिरवला जातो. मग तो पुसायचं कामही शाळेनेच करायला हवं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी त्यांच्या गाण्यांचे शब्द टिपून ठेवले, म्हणून 1952 साली ते छापले गेले. तशी टिपणारी पोरं आज कुठे आहेत?

गिरणाथडी
सर, तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. 'तुमच्याकडे काय करतात?' हा प्रश्न आपल्या गावांत 'तुम्ही कोणते?' याचंच सभ्य रूप असतो. कानबाईचे, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीचे, रोट घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात, त्याचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. हे वर्गात वाचलं की कोण कोणाच्या पंगतीतलं आणि कोण बाहेरचं, हे चाळीस पोरांसमोर उघड. ज्याच्या घरी कानबाई बसतच नाही त्याने काय वाचायचं?

आणि ते 'हातचं काम'. ज्या पोराचा आजा मेलेली ढोरं ओढायचा, कातडं कमवायचा, त्याच्या बापाने त्या कामातून सुटायला वावर विकलं असेल. त्या पोराला तुम्ही वही घेऊन परत तिथेच बसवणार? ओळख शोधणं ही चैन ज्याला आपल्या ओळखीचा अभिमान वाटावा अशी सोय समाजाने करून दिली आहे, त्यालाच परवडते.

सातपुडा_मास्तर
धडगावकडे आश्रमशाळेत आहे. गिरणाथडी भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, पण गप्प बसल्याने आमच्या पोरांची ओळख लपत नाही. ती दुसरेच मांडून मोकळे होतात. गॅदरिंग आलं की तालुक्याहून फोन येतो, 'सर, तुमचा आदिवासी डान्स ठेवा'. पिसं, घुंगरू, कंबरेला दुधी भोपळे, पाच मिनिटं ढोल आणि टाळ्या. काठी गावच्या होळीला बुध्या-बावा, म्हणजे असा सजून नाचणारा, होणारा माणूस आधी कित्येक दिवस पाळणूक, म्हणजे व्रत धरतो, खाटेवर झोपत नाही. कोणासाठी धरतो, का धरतो, हे आमच्या पोरांना घरी विचारलं की कळतं. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. 1858 साली आंबापाणीला भिल्लांनी इंग्रजांच्या फौजेशी लढाई दिली, तिची नीट ओळख आमच्या पोरांना शाळेत होत नाही. स्वतः विचारून, स्वतःच्या हाताने लिहू द्या त्यांना. नाचून झालं पुष्कळ.

केळीचा_मळा
मी पालक म्हणून बोलतो. रावेर तालुका, पोरगी नववीत. तिला पुढे बारावी सायन्स करायचं आहे, क्लासची फी भरताना आमचा जीव जातो. बोली घरची आहे, घर सांभाळेल. मास्तरांनी बीजगणित आणि इंग्रजी पक्कं करून घ्यावं. पुण्याला इंटरव्ह्यू अहिराणीत होत नाही.

आसोदेकर
पांझराकाठ सर, एक दुरुस्ती, आणि ती मनावर घ्या. बहिणाबाई आमच्या आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटीदारांची, अहिराणी नाही. तुम्ही तसं लिहिलं नाहीत हे खरं, पण अहिराणीच्या परिच्छेदात त्यांना बसवलंत की वाचणारा तेच समजतो. तुमच्या उपक्रमात हेच होईल अशी भीती वाटते. 'खान्देशी संस्कृती' म्हणून एक ठोकळा ठरेल, त्यात भरीत, शेवभाजी, अहिराणी कविता, आणि बाकीच्यांनी त्यात आपलं अंग कोंबायचं. शहाद्याकडची गुजरी, चाळीसगावच्या बंजारा तांड्यावरची गोरबोली, ह्यांचं काय?

तडवी_यावल
आमचं काय, हेही विचारा. आम्ही तडवी भिल्ल. जमात भिल्ल, धर्म इस्लाम. शाळेत मला दोन्हीकडून प्रश्न यायचे, 'तू नक्की कोण?' आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण घरात कोणी बसवून सांगितलं नव्हतं आणि पुस्तकात आम्ही नव्हतो. दादीकडून थोडं थोडं कळलं, तेही ती आजारी पडल्यावर. नववीत कोणी अशी वही हातात दिली असती तर तिच्याकडून कितीतरी जास्त काढून घेतलं असतं. सर, काम द्या. फक्त वहीवर 'संस्कृती' असं लेबल लावू नका.

वाघूरवाली
गिरणाथडी दादा, रोटांचंच बोलते. माझ्या लेकीने आठवीत असताना आजीला विचारलं, माझ्या नावाची मूठ का नाही? सासूबाईंना राग आला, दोन दिवस अबोला. पुढच्या श्रावणात त्यांनीच तिच्या नावाची सव्वा मूठ काढली, 'आंडेरनी बी काढा', लेकीचीही काढा, म्हणाल्या. रीत माहीतच नसती तर पोरीने प्रश्न कशाला विचारला असता? चौकशी म्हणजे आरती ओवाळणं नव्हे.

पांझराकाठ
आसोदेकर आप्पा, बरोबर. वहीवर बोलीचं नाव पोराने घरी विचारून स्वतः लिहायचं, मी ठरवणार नाही. केळीचा_मळा भाऊ, 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. तुमच्या लेकीचं बीजगणित मी अडवत नाही. पण वर्गात तोंड उघडायची भीती गेली तर इंटरव्ह्यूतही तिचाच फायदा आहे.

गिरणाथडी भाऊ, तुमच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. वर्गात वाचन सक्तीचं नाही, गुण नाहीत, विषय पोराचा. गल्लीतला कोणीही चालेल, स्वतःचं घरच हवं असं नाही. पण जात बोललीच नाही तर ती वर्गातून जाते, हे मला मान्य नाही. बाकावर कोण कोणाशेजारी बसतं ते बघितलं की कळतं.

गिरणाथडी
बाक मीही बघितलेत सर, शेवटच्या बाकावर बसून. वाचन ऐच्छिक म्हणता, पण जो वाचणार नाही त्याच्याकडे वर्ग बघणारच. माझी एक अट आहे. वह्या तुमच्या कपाटात राहतील, शाळेच्या प्रदर्शनात मांडल्या जाणार नाहीत, आणि पाहुणे आले म्हणून कोणा पोराला उभं केलं जाणार नाही. हे लेखी द्या, मुख्याध्यापकांच्या सहीने. मग बोलू.

वाघूरवाली
आणि जूनपासून कशाला? अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, सुट्टीतच येते. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली, पितरांच्या घागरीवर डांगर (खरबूज) ठेवलेलं. जूनमध्ये त्या सगळ्या सासरी परत, मग पोरं विचारणार कोणाला? आठवीचा पेपर संपला की त्याच दिवशी वही द्या.

पांझराकाठ
ताई, हे पटलं. एप्रिलमध्येच वह्या वाटतो. सहीचं पत्र सोमवारी मुख्याध्यापकांपुढे ठेवतो, काय म्हणतात ते इथेच कळवीन.