दोघांचा चार महिन्यांचा युरोप प्रवास: शेंगेनचे दिवस, भाड्याची गाडी आणि खेडेगावातला मुक्काम

पायवाट
१ एप्रिल ते २९ जुलै असा दोघांचा प्रवास आखतो आहोत. मोठी शहरं रेल्वेने करायची आणि टस्कनी, प्रोव्हान्स, स्लोव्हेनिया या भागांत गाडी भाड्याने घेऊन खेड्यांत राहायचं. शेंगेन (आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट) व्हिसा दोघांकडेही मल्टिपल एन्ट्रीचा आहे. ९० दिवसांच्या मर्यादेत हे कसं बसवावं? गाडी एकदाच घेऊन सगळीकडे फिरवावी की भागागणिक वेगळी घ्यावी? शिवाय दोघंच असताना कोणती काळजी आधीच घेऊन ठेवावी?

दिनमान
आधी दिवसांचं पाहू. नियम असा: मुक्कामाचा कुठलाही दिवस धरा, तो आणि त्याच्या मागचे १७९ असे १८० दिवस मोजा, त्यात शेंगेनमधले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. रात्री सव्वाअकराला उतरलात तरी तो पूर्ण दिवस.

तुमच्या तारखांना सरळ बसणारी आखणी: १ एप्रिल ते १५ मे आत (४५ दिवस), १६ मे ते १४ जून बाहेर, १५ जून ते २९ जुलै पुन्हा आत (४५ दिवस). बेरीज बरोबर ९०, आणि तिथेच मोठा धोका आहे. शेवटच्या दिवशी विमान रद्द झालं की मर्यादा ओलांडली जाते, म्हणून निदान तीन दिवस हातचे राखा. बाहेर पडल्यावर आठवड्याभरात हिशेब नव्याने सुरू होतो असा अनेकांचा समज असतो, तो चूक आहे. १ एप्रिलचा दिवस तुमच्या खात्यातून २८ सप्टेंबरलाच गळतो.

मधला महिना कुठे काढायचा? जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या, म्हणजे तेही आता शेंगेनमध्येच. अल्बेनिया, मॉन्टेनेग्रो, बोस्निया, सर्बिया, उत्तर मॅसिडोनिया, ब्रिटन आणि आयर्लंड बाहेर आहेत. प्रत्येकाची प्रवेशाची अट वेगळी, ती आधी तपासा. एक बरं झालंय: स्प्लिटहून डुब्रॉव्हनिकला रस्त्याने जाताना पूर्वी नेऊमपाशी बोस्नियात शिरावं लागायचं, आता २०२२ मध्ये सुरू झालेल्या पेल्येशाट्स पुलावरून क्रोएशियातच राहता येतं.

दोघांच्याही पासपोर्टवरचे स्टिकर शेजारी ठेवून वाचा. व्हिसाच्या वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे मंजूर दिवस हे वेगळे रकाने असतात, आणि पती-पत्नींना सारखेच दिवस मिळतात असं नाही. ज्याचे दिवस कमी, त्याच्या हिशेबाने आखणी करायची.

विम्याचंही तेच. वार्षिक पॉलिसीत एका प्रवासाला दिवसांची कमाल मर्यादा असते, १२० दिवस तिथे बहुधा बसत नाहीत. मधला शेंगेनबाहेरचा महिना त्यात धरलाय का, हे लेखी विचारून घ्या.

गिअर_दुसरा
गाडी भागागणिक वेगळी घ्या, आणि ज्या देशात घेतली तिथेच परत करा. दुसऱ्या देशात सोडण्याचं शुल्क बरेचदा भाड्याच्याही वर जातं. टस्कनी ते प्रोव्हान्स रेल्वेने जा, तिथे दुसरी घ्या.

यात दोघांसाठी महत्त्वाची गोष्ट डिपॉझिटची. ती रक्कम मुख्य चालकाच्या नावावरच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. जोडीदाराचं कार्ड चालत नाही, डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात. गाडी परत केल्यावर ही रक्कम सुटायला आठवडा किंवा जास्तही लागतो. तेवढ्यात दुसरी गाडी घ्यायला गेलात की कार्डाची मर्यादा अपुरी पडते आणि काउंटरवर किल्ली मिळत नाही. म्हणून पहिली गाडी एकाच्या नावावर आणि कार्डावर, दुसरी दुसऱ्याच्या. दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव करारात हवंच, नाहीतर अपघातात विमा लागू होणार नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यासोबत मूळ परवानाही जवळ लागतो.

इटलीत सांभाळायचं ते झेडटीएल, म्हणजे फ्लोरेन्स, पिसा, सिएना यांच्या जुन्या गावठाणातले मर्यादित वाहतुकीचे भाग. लाल कडेचा पांढरा गोल फलक आणि वर कॅमेरा. पाटीवर 'वार्को आत्तीवो' (फाटक चालू) असेल तर शिरू नका. 'नॉन आत्तीवो' असेल तर मोकळं. नकाशाचं अ‍ॅप बिनदिक्कत आत नेतं. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, भाड्याची कंपनी तुमची माहिती पोलिसांना कळवण्याचं शुल्क कार्डावर टाकते आणि खरा दंड महिन्यांनी वेगळा येतो. दोन फाटकांतून गेलात तर दोन दंड. हॉटेल आत असेल तर गाडी नेण्याआधी त्यांच्याकडून नंबर नोंदवून घ्या.

स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गांना विन्येट (ठरावीक मुदतीचा टोल-परवाना) लागतं. स्लोव्हेनियाचं आता डिजिटल आहे, नंबरप्लेटशी जोडलेलं. नंबर भरताना इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत झाली की ते नसल्यातच जमा.

पेट्रोलचं लेबल गोल (ई५, ई१०), डिझेलचं चौकोनी (बी७). टाकीच्या झाकणाच्या आतही तोच आकार असतो, तो जुळवा. चुकीचं इंधन भरलं तर गाडी अजिबात सुरू करू नका. सुरू केली की ते गाडीच्या इंधनपंपातून इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि हा खर्च बहुतेक विम्यांत बसत नाही. काच, टायर, तळाची बाजूही अनेकदा वगळलेली असते. गाडी घेतानाच चारही रिम, समोरची काच, इंधनकाटा आणि किलोमीटरचा आकडा व्हिडिओत घ्या.

पायवाट
धन्यवाद! खेड्यांत गाडीविना दोनतीन दिवस राहता येईल का?

रूळांवरून
येईल, पण बसचं वेळापत्रक तळटीपांसकट वाचा. फ्रान्सच्या ग्रामीण भागातल्या काही फेऱ्या फक्त शाळा चालू असतानाच धावतात. जुलैच्या सुट्टीत त्या नसतात, आणि रविवारी तर बरेचदा काहीच नसतं. त्यामुळे गावात पोचायचा दिवस मंगळवार किंवा बुधवार ठेवा.

रेल्वे पास घेतलात तरी फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना आसन वेगळं राखावंच लागतं, आणि टीजीव्हीत पासधारकांसाठी जागा मोजक्या असतात. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक दिवसा धावणाऱ्या गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर ते न वापरलेलं मानून दंड करतात.

अंतरा_म
दोघांच्या काळजीचं उत्तर राहिलंय. तत्त्व एकच: एकाकडचं सगळं गेलं तरी दुसऱ्याकडच्यावर निदान आठवडा निघाला पाहिजे. कार्डं वेगवेगळ्या बँकांची आणि शक्यतो वेगळ्या नेटवर्कची, म्हणजे एक व्हिसा असेल तर दुसरं मास्टरकार्ड. संयुक्त खात्याची दोन कार्डं ही खरी सोय नव्हे. खातं गोठलं की दोन्ही बंद. सिमही दोन कंपन्यांची, कारण डोंगरातल्या गावात एकीची रेंज असते, दुसरीची नसते. रोजची औषधं निम्मी-निम्मी, प्रिस्क्रिप्शन औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावासह दोघांकडे. कपडेही दोन्ही बॅगांत मिसळून भरा. पासपोर्ट मात्र ज्याचा त्याने.

मेट्रोत चुकामूक झाली तर फोन लागेलच असं नाही. आधीच ठरवा: आत गेला तो पुढच्याच स्टेशनवर उतरून जागचा हलणार नाही, मागे राहिला तो त्याच मार्गाच्या पुढच्या गाडीने येईल. मात्र मार्गाला फाटे असतील तर गाडीच्या पाटीवरचं शेवटचं स्टेशन वाचूनच चढायचं.