उजनीच्या जलाशयात शिडाच्या लहान होडीने तीन दिवस: उन्हाळ्यात जावे का?

प्रश्न (ऐरोली)

नमस्कार. माझ्याकडे सोळा फुटी, सेंटरबोर्डची (तळातून पाण्यात सोडता आणि वर ओढता येणाऱ्या फळीची) शिडाची होडी आहे. गेली चार वर्षे मी ती ठाण्याच्या खाडीत, भरतीच्या वेळा पाहून आणि ओहोटीच्या चिखलाला भिऊन चालवत आलो आहे. एप्रिलमध्ये भाच्याची परीक्षा संपली की होडी ट्रेलरवर घालून बोरघाट चढावा, भिगवणला पाण्यात उतरवावी, भीमानगरच्या उजनी धरणाच्या दिशेने जमेल तितके जावे, रात्री काठावर तंबू ठोकावा आणि तिसऱ्या दिवशी भिगवणला परतावे, असा आम्हा दोघांचा बेत आहे. भरती-ओहोटी नसल्यामुळे हे खाडीपेक्षा सोपे जाईल, ही माझी समजूत बरोबर आहे का? रोजचा पल्ला किती धरावा?

उत्तर (कोपरखैरणे, मूळ गाव इंदापूर तालुक्यात)

ओहोटी उजनीतही आहे, फक्त ती सहा तासांऐवजी सहा महिने चालते. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळचे पाणी, आहे आणि कमी पावसाच्या वर्षी पाणी त्याच्याही खाली उतरते. आमच्याकडे मग 'उजनी उणे झाली' असे म्हणतात. मधल्या पात्रात तेव्हाही भरपूर पाणी असते. अडचण काठाजवळ येते, कारण तिथे बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि वाळलेल्या झाडांचे बुंधे वीतभर पाण्याखाली दबा धरून असतात. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात उघडे पडते ते पाहायला लोक गर्दी करतात, पण तशा न दिसणाऱ्या दगडी कामाचा विचार कोणी करत नाही. मी एकदा चुलतभावाच्या होडीत होतो. खालून 'खर्रर्र' असा लांबलचक आवाज आला आणि सेंटरबोर्ड आपोआप वर उचलला गेला. वाकून पाहिले तर शेवाळलेली, नीट रचलेली शेताच्या बांधाची दगडी ताल होती. तेव्हा काठाकडे वळताना बोर्ड अर्धा वर घ्या आणि भाच्याला नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बसवा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर ते जाळे समजा आणि लांबून जा, नाहीतर सुकाणू अडकेल आणि कोणाचे तरी जाळेही फाटेल. तंबूसाठी मुरमाड काठ शोधा. काळ्या गाळात गुडघाभर रुतायला होते.

उत्तर (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

पाण्याचे वर सांगून झाले आहे, मी वाऱ्याचे सांगतो. या दिवसांत तिकडे दुपारनंतर बहुधा पश्चिमेचा वारा सुटतो. भिगवणहून धरणाकडे जाताना तो पाठीशी राहील आणि येताना तोंडावर. तोंडावरच्या वाऱ्यात टॅक मारत, म्हणजे नागमोडी जात, नकाशावरचे १० किलोमीटर कापायला होडीला निदान १४ किलोमीटर चालावे लागते, आणि थकवा नेमका शेवटच्या दिवशी वाट्याला येतो. त्यामुळे परतण्याचा हट्ट सोडा, ट्रेलर धरणाकडच्या काठावर बोलावून घ्या आणि एकेरी प्रवास करा.

वळवाच्या वाऱ्याला मात्र हलके घेऊ नका. दुपारी ढग चढतात, वारा एकदम पडतो आणि मग भलत्याच दिशेने थंडगार झोत येतो. शीड उतरवायला तेवढ्यात दोन-चार मिनिटे मिळाली तर मिळाली. उघड्या पाण्यावर लाटा आखूड आणि उभ्या उठतात, लहान होडीला त्या समुद्राच्या लांब लाटेपेक्षा जास्त छळतात. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी या पट्ट्यात अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जण बुडाले. म्हणून उजाडताच निघा आणि बारापूर्वी होडी काठावर ओढा. सकाळी वारा नसेल तर वल्ही मारावी लागतील, तेव्हा दिवसाला १० ते १२ किलोमीटरच धरा. लाइफ जॅकेट अंगावरच हवे, बाकाखाली नको.

उत्तर (नेरूळ)

जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी घ्या आणि धरणाच्या भिंतीपासून लांब राहा. पिण्याचे पाणी घरूनच न्या, कारण पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून तिकडेच जाते. भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात चरत असतील तर वळसा घाला. तिथे तुमचा सेंटरबोर्डही टेकेल.

प्रश्नकर्ता (ऐरोली)

सर्वांचे आभार. ओहोटीबद्दलची माझी समजूत चुकीची होती. आता एप्रिलच्या अखेरीऐवजी पुढच्या वर्षी जानेवारीत, पाणी वर असताना आणि वळवाची धास्ती नसताना, एकेरी जाण्याचे ठरवतो आहे. भाच्याला शाळेची तीन दिवसांची रजा मिळवून देणे, ही आता ताईशी करायची वाटाघाट आहे.