टास्क मॅनेजरमध्ये ‘अपडेटर डॉट ईएक्सई’ दिसतंय, ते कोणत्या प्रोग्रॅमचं आहे हे कसं ओळखायचं?

मांजराकाठ
घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज ११. लातूरला घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच काम चालतं, रोजचा डेटा २ जीबी. कॉम्प्युटर सुरू केला की टास्क मॅनेजरमध्ये ‘अपडेटर डॉट ईएक्सई’ येतं, कधी एक, कधी दोन, आणि थोड्या वेळानं आपोआप जातं. एंड टास्क केलं तरी परत येतं. हे विंडोजचंच आहे का व्हायरस? फाइल डिलीट करून टाकू का? नेट लई खायलंय.

बालाघाट
डिलीट करू नका भाऊ, आधी ओळख पटवा. नावावर जाऊ नका, ते कुणीही ठेवू शकतं. गूगल क्रोमच्या अपडेटरचं नाव हेच आहे, फायरफॉक्सच्या फोल्डरमध्येही याच नावाची फाइल असते. विंडोजचं स्वतःचं अपडेट या नावानं चालत नाही, ते एसव्हीसीहोस्ट, टायवर्कर, मोयूएसओकोअरवर्कर अशा नावांनी दिसतं.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि डिटेल्समध्ये जा. वरच्या कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘कमांड लाइन’ चालू करा. आता फाइल कुठून सुटली आणि तिला काय हुकूम दिलाय ते समोर दिसेल. गूगलची असेल तर पत्ता प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६, गूगल, गूगलअपडेटर, मग आवृत्तीच्या आकड्याचं फोल्डर असा असतो, आणि पुढे ‘वेक’, ‘सिस्टिम’ असे शब्द येतात. दोन दिसत असतील तर दोन्हींचे पत्ते वेगवेगळे लिहून घ्या. एक बरोबर निघाली म्हणून दुसरी बरोबर असं धरू नका.

गोदाकाठ
पत्त्यानंतर सही बघा, म्हणजे फाइल बनवणाऱ्या कंपनीचा डिजिटल शिक्का. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’. इथे बरेच जण यादीत गूगलचं किंवा मोझिलाचं नाव दिसलं की खिडकी बंद करतात. तेवढ्यावर थांबू नका. नाव निवडून ‘डिटेल्स’ दाबा आणि ‘सही ठीक आहे’ या अर्थाचं वाक्य येतं का ते वाचा. सहीनंतर फाइलमध्ये कुणी फेरफार केला असेल तर नाव यादीत तसंच राहतं, पण डिटेल्समध्ये सही अवैध म्हणून दाखवते.

‘फाइल डिस्क्रिप्शन’वर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. तो मजकूर प्रोग्रॅम बनवणारा हवा तसा टाकतो.

उलटी बाजूही सांगते. विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच फाइलींना हा टॅब दिसतच नाही, कारण त्यांची सही वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये असते. म्हणून सिस्टिम३२ मधल्या फाइलला टॅब नाही म्हणून घाबरून ती उडवू नका. बाहेरून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या अपडेटरला सही नसेल तर मात्र खोलात जायला हवं.

मांजराकाठ
तपासलं. एक फाइल गूगलअपडेटर फोल्डरमध्ये आहे, सही गूगल एलएलसीची, डिटेल्समध्येही ठीक दाखवतंय. दुसरी ॲपडेटा, रोमिंग, आणि आत अक्षरं-आकडे मिसळलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये. तिला सहीचा टॅबच नाही. डिस्क्रिप्शनमध्ये ‘सिस्टिम अपडेट सर्व्हिस’ लिहिलंय. ॲपडेटामध्ये आहे म्हणजे व्हायरसच ना?

बालाघाट
नुसत्या ॲपडेटावरून तसं म्हणता येत नाही. ॲडमिनचा पासवर्ड न देता टाकलेलं क्रोम तिथेच बसतं, झूमही बसतं. पण अर्थ नसलेलं फोल्डर, सही नाही आणि वर सिस्टिमचं नाव लावलेलं, हे तिन्ही एकत्र आलं की संशय पक्का धरायचा.

एंड टास्क करून ती परत का येते ते आता शोधा. विंडोज आणि आर दाबून टास्कएससीएचडी डॉट एमएससी (taskschd.msc) चालवा, ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं इथे असतात. डावीकडे टास्क शेड्यूलर लायब्ररी उघडा. प्रत्येक टास्कच्या ‘ॲक्शन्स’मध्ये कोणती फाइल चालते ते असतं, ‘ट्रिगर्स’मध्ये कधी चालते ते. रोमिंगमधला तो पत्ता ज्यात सापडेल ते टास्क डिलीट न करता आधी ‘डिसेबल’ करा. गूगलचंही टास्क तिथे दिसेल, ते दर तासाला जागं होतं, पण दर वेळी काही डाउनलोड करतंच असं नाही. ‘हिस्ट्री’ रिकामी दिसली तर गोंधळू नका, ती मुळात बंद असते, उजवीकडून चालू करावी लागते.

लाइट गेल्यावर हे जास्त जाणवतं. कॉम्प्युटर बंद असताना ज्यांची वेळ टळून गेली अशी टास्क, त्यांना तशी सूचना दिलेली असेल तर, मशीन सुरू झाल्यावर लागोपाठ धावतात. भारनियमनानंतर पहिली काही मिनिटं कॉम्प्युटर जड चालतो त्याचं हे एक कारण.

गोदाकाठ
डिसेबल केल्यावर हा क्रम ठेवा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्रिएटेड’ तारीख बघा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये यादी तारखेनुसार लावा. त्याच दिवशी काय टाकलं गेलं ते बघा. फुकटचं पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर, क्रॅक केलेलं ऑफिस, अशांसोबत ही मंडळी येतात. मूळ प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा. नुसती ईएक्सई उडवली तर तो ती पुन्हा आणून ठेवू शकतो.

फाइल काढण्याआधी व्हायरसटोटलच्या साइटवर टाका, ती अनेक अँटिव्हायरसकडून एकदम तपासून मिळते. एखाद्याच अनोळखी इंजिनानं लाल दाखवलं तर तो खोटा इशारा असू शकतो. बऱ्याच नामांकितांनी एकाच प्रकारचं नाव दिलं तर विषय संपला. सगळं हिरवं आलं तरी सही नसलेली नवी फाइल निर्धास्त समजू नका. तिथे टाकलेली फाइल इतर कंपन्यांनाही दिली जाते, तेव्हा घरची कागदपत्रं कधीच टाकू नका.

मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात, म्हणून उघडी कामं आधी सेव्ह करा. स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं काही निघालं तर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, या कॉम्प्युटरवरून नाही.

दुधना
सगळं झाल्यावर मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स उतरवून ॲडमिन म्हणून चालवा, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी ते दाखवतं. ते फुकट आहे. ऑप्शन्समध्ये ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’ आणि ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावा. उरलेल्या यादीत गुलाबी ओळी सही न पटलेल्या आणि पिवळ्या म्हणजे फाइल गेली पण नोंद राहिली अशा. तुमच्या त्या टास्कची ओळ पिवळी झालेली दिसली की मग ती काढा.

डेटाचं म्हणाल तर गूगलचा अपडेटर बंद करू नका, ब्राउझरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. हॉटस्पॉटच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे डेटा मोजका आहे ही खूण) चालू करा, मग विंडोज मोठी अपडेट रोखून धरतं. बाहेरचे अपडेटर मात्र ते ऐकतीलच असं नाही. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मधलं इतर कॉम्प्युटरशी देवाणघेवाण करणारं बटणही बंद ठेवा. नाहीतर तुमच्याच डेटातून दुसऱ्यांना अपडेट पाठवली जाऊ शकतात. खरं कोण किती खातंय ते रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतं, ‘टोटल’ कॉलमवर क्लिक केलं की सगळ्यात खादाड वर येतो.