सिडनीत स्किप बिन मागवायचाय: एकाच बिनमध्ये सगळं चालेल का?

वेंटीकर
वेंटवर्थव्हिलला १९७८ सालचं ब्रिक व्हिनियरचं (आत लाकडी सांगाडा, बाहेरून विटा) घर आहे. बाथरूम पूर्ण उखडायचंय. परसातली काँक्रीटची पायवाट काढायचीय (८ मीटर लांब, १ मीटर रुंद, जाडी ७५ मिमी). गॅरेजमध्ये स्प्रिंगची जुनी गादी, रंगाचे अर्धवट डबे, बंद पडलेला टीव्ही आहे आणि बागेच्या छाटणीचा ढीग वेगळाच. ६ घनमीटरचा एकच मिक्स बिन (सगळा कचरा एकत्र टाकायचा भाड्याचा मोठा डबा) मागवून सगळं त्यात कोंबावं म्हणतोय. चालेल का?

डबरवाला
नाही चालणार, आणि महागही पडेल.

मिक्स बिनचा भाव घनमीटरवर सांगतात, पण बारीक अक्षरात वजनाची अट असते. बऱ्याच ठिकाणी ती घनमीटरला १५० ते २०० किलोच्या आसपास असते. म्हणजे ६ घनमीटरला फार तर १२०० किलो. आता तुमची पायवाट बघा: ८ × १ × ०.०७५ = ०.६ घनमीटर. काँक्रीट घनमीटरला साधारण २.४ टन, म्हणजे झाले १४४० किलो. बिनचा नुसता तळ झाकला जाईल आणि मर्यादा केव्हाच ओलांडलेली असेल. वरच्या वजनाचे पैसे टनावर लागतात. सिडनीत जमिनीत पुरायच्या कचऱ्यावर सरकारी लेव्हीच (करच) टनामागे दीडशे डॉलरच्या वर आहे, त्यामुळे ही रक्कम किरकोळ नसते.

पायवाटेसाठी २ घनमीटरचा फक्त काँक्रीट-विटांचा बिन घ्या. फोडलेलं काँक्रीट दीडपट जागा खातं, तरी ०.९ घनमीटरच होईल. हा माल क्रशरमध्ये जाऊन रस्त्याची खडी होते, म्हणून दर कमी. पण म्हणूनच त्यात माती, लाकूड, प्लास्टिक, जिप्रॉक (भिंतीचे प्लास्टरबोर्ड) काही चालत नाही. जिप्रॉकचा जिप्सम खडीत मिसळला की ती खडी विकता येत नाही. हेबेलचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक दिसायला काँक्रीटसारखे, पण मऊ असतात, क्रशरमध्ये त्यांचा भुगा होतो. तेही मिक्समध्ये. स्लॅबच्या खालच्या बाजूची माती फावड्याने खरवडून काढा. आत जाळी असेल तर ती चालते का हे बुकिंगच्या वेळीच विचारा आणि बाहेर आलेल्या सळ्या कापून टाका.

फायब्रो_फोबिया
डबरवाला यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न राहिला. १९७८चं घर आणि बाथरूम म्हटल्यावर बिन बुक करण्याआधी ॲस्बेस्टॉस (जुन्या बांधकामातला, श्वासातून गेला तर घातक असा तंतूंचा पदार्थ) तपासा.

ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी आली ३१ डिसेंबर २००३ पासून. १९९० पूर्वीच्या घरात ते आहे असंच धरून चालायचं. तुमच्याकडे बघायच्या जागा तीन: भिंतीच्या टाइल्समागची फायब्रोची (तंतू घातलेल्या सिमेंटची) शीट, जुन्या व्हिनाइलच्या पाठीला चिकटलेला थर आणि छपराच्या पुढे आलेल्या भागाखालचा पांढरा पत्रा. नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. नाटा (लॅबना मान्यता देणारी ऑस्ट्रेलियन संस्था)-मान्यताप्राप्त लॅबमध्ये नमुना द्या. नमुना परवानाधारक असेसरकडून घ्यावा हे उत्तम. स्वतः घेणार असाल तर पी२ (बारीक धूळ गाळणारा) मास्क घाला, जागा पाण्याने फवारून ओली करा, पकडीने नखाएवढा तुकडा काढा आणि दोन झिप पिशव्यांत बंद करा. ड्रिल किंवा ग्राइंडर अजिबात लावायचा नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये घट्ट बांधलेलं (सिमेंटसारख्या पदार्थात पक्कं बसलेलं) ॲस्बेस्टॉस १० चौरस मीटरपर्यंत विनापरवाना काढता येतं, हे ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. पण २.५ × १.८ मीटरच्या छोट्याशा बाथरूमचा घेर होतो ८.६ मीटर. २.४ मीटर उंचीने गुणा, २० चौरस मीटर झाले. दार-खिडकी वजा केली तरी मर्यादेच्या बाहेरच. आणि व्हिनाइलमागचा भुसभुशीत थर निघाला तर क्षेत्रफळ कितीही असो, ए वर्गाचा परवाना लागतोच.

हा माल कुठल्याही साध्या स्किप बिनमध्ये जात नाही. ०.२ मिमीच्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टेपने सील करून, वर लेबल लावून, तो स्वीकारणाऱ्या टिपवरच (कचरा डेपोवरच) आणि आधी वेळ ठरवून न्यायचा. "खाली दडपून टाकलं तर कोणाला कळतंय" हा सल्ला ऐकू नका. २०१९ पासून इथल्या बांधकाम-कचरा केंद्रांवर प्रत्येक लोड वजनकाट्यावर वरून बघतात, मग जमिनीवर पसरून पुन्हा बघतात. एक तुकडा सापडला की अख्खं लोड परत. बिल तुमच्या नावावर फाडतात.

वेंटीकर
बापरे, म्हणजे आधी टेस्ट. रिपोर्ट निगेटिव्ह आला असं धरू. टाइल्स काँक्रीटच्या बिनमध्ये जातील का? आणि गॅरेजच्या सामानाचं काय?

डबरवाला
सिरॅमिक टाइल आणि तिच्याखालचा वाळू-सिमेंटचा थर बरेच जण काँक्रीटमध्ये घेतात. शीटला चिकटून निघालेली टाइल मात्र मिक्समध्येच. कमोडचं भांडंही फोडून काँक्रीटमध्ये चालू शकतं, पण सीट, फ्लशचे प्लास्टिकचे भाग आणि पितळी बोल्ट आधी काढा. तांब्याचे पाइप आणि नळ बिनमध्ये टाकूच नका, भंगारवाला त्याचे पैसे देतो.

हिरवा_ढीग
छाटणी कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) हिरव्या बिनमध्ये दर फेरीला थोडी थोडी घाला, किंवा वेगळा ग्रीन वेस्ट बिन घ्या. त्यात माती, जाड बुंधे, पामची पानं नकोत. पामचे धागे श्रेडरच्या पात्यांभोवती गुंडाळून बसतात. कुंपणाचे हिरवट छटेचे खांब असतील तर तो रसायन मुरवलेला ट्रीटेड पाइन. तो चुरून मल्च करता येत नाही, जाळता तर मुळीच नाही. मिक्समध्ये टाका.

गादीला स्किपवाले नगावर जादा पैसे घेतात. आधी कौन्सिलच्या क्लीन-अपमध्ये (घरातलं मोठं सामान उचलून नेण्याच्या फेरीत) घेतात का बघा. टीव्ही राष्ट्रीय ई-कचरा योजनेच्या केंद्रावर फुकट घेतात. रंग पेंटबॅककडे (उरलेला रंग गोळा करणाऱ्या योजनेकडे) द्या: एका फेरीत १०० लिटरपर्यंत, प्रत्येक डबा २० लिटरच्या आतला, झाकण घट्ट. स्किपमध्ये डबा फुटला की सगळा माल बरबटतो. गॅरेज आवरताना जुन्या ड्रिलची लिथियम बॅटरी हमखास सापडेल. ती चुकून आत गेली तर दाबली जाऊन ट्रकमध्येच पेट घेते. टोकांना टेप लावून बी-सायकलच्या (जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या योजनेच्या) डब्यात टाका. गॅसची बाटली आणि जुना स्मोक अलार्म कम्युनिटी रीसायकलिंग सेंटरला.

पायवाट२१४५
+१, आणि जागेबद्दल थोडं. बिन शक्यतो ड्राइव्हवेवर घ्या, खाली फळ्या टाका, नाहीतर पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे) फुटतात. वर वायरी नकोत, ट्रकचे हात उंच जातात. फुटपाथ किंवा नेचर स्ट्रिपवर (घरासमोरच्या रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर) ठेवायचा तर कौन्सिलचं परमिट लागतं. माल काठाच्या वर गेला तर ड्रायव्हर उचलत नाही आणि रिकाम्या फेरीचेही पैसे लावतो. रात्री ताडपत्री टाका. जिप्रॉक आणि कार्पेट पावसात पाणी पितात आणि ते पाणी तुमच्या वजनात मोजलं जातं. शिवाय झाकलेल्या बिनमध्ये शेजारपाजारचे लोक आपली गादी आणून टाकत नाहीत.

वेंटीकर
ठरलं मग. आधी लॅब, मग २ घनमीटर काँक्रीटचा आणि मिक्सचा छोटा. मिक्स ३चा पुरेल का?

डबरवाला
टाइल्स काँक्रीटमध्ये गेल्या तर ३ पुरे. व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट) आणि दारं सुटी करून सपाट रचा, आख्खी टाकली तर तीच अर्धा बिन खातील.