टेरेसची किल्ली

अक्का (३०२), सकाळी ६:१२
आम्ही अकरा जण योगा क्लासच्या चटया काखेत घेऊन टेरेसच्या दारात उभे आहोत. दाराला नवीन कुलूप. कधी लावलं, कुणी लावलं, ग्रुपवर एक अक्षर नाही. साठी उलटलेल्या माणसांना चार मजले चढवून परत पाठवायचं, ही कुठली रीत?

मास्तर (२०१)
टेरेसची किल्ली कोणाकडे आहे?

सेक्रेटरी
सुप्रभात. कुलूप मीच लावलं. परवा नाना पडले ते सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणाचं खुब्याचं हाड मोडलं तर लोक कमिटीलाच धरणार. कृपया सहकार्य करावे 🙏

अक्का (३०२)
धरतील की. पण कुलूप लावायच्या आधी आम्हाला एक फोन करायला काय झालं होतं? थर्टी फर्स्टला हेच टेरेस रात्री दोनपर्यंत उघडं होतं.

बंडू (जी-२)
अक्का, थर्टी फर्स्टला वृक्षासन नव्हतं, नाहीतर निम्मे पडले असते 😄

वैनी (१०४)
बंडूभावजी, चेष्टेचा विषय नाही हा. मामंजी पडले तेव्हा गॅसवरचा कुकर तसाच टाकून धावले मी. अक्का, राग मानू नका, पण ह्या वयात योगा कशाला पाहिजे म्हणते मी. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोन फेऱ्या मारल्या तरी पुष्कळ की. बहात्तर वर्षांचे आहेत ते.

नाना (१०४)
चौऱ्याहत्तर.

मास्तर (२०१)
टेरेसची किल्ली कोणाकडे आहे?

फिजिओताई (४०१)
नाना, एक विचारते. पाय घसरला, की डोळ्यांपुढे अंधारी आली?

नाना (१०४)
घसरलो नाही गा. शवासनात पडलो होतो. खालून दूधवाल्याने हाक मारली म्हणून ताडकन उठलो. अंधारी आली आणि कोपर कठड्यावर आपटलं.

फिजिओताई (४०१)
बीपीची गोळी बदलली काय एवढ्यात?

वैनी (१०४)
हो. गेल्या आठवड्यात वाढवून दिली. का हो?

फिजिओताई (४०१)
मग आसनाला दोष देऊ नका. आडवा माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं आणि बीपी क्षणभर खाली येतं. तरुण अंग लगेच सावरतं, वय झालं की वेळ लागतो, त्यात गोळीची भर. शवासनातून उजव्या कुशीवर वळायचं, चार-पाच श्वास तसंच पडून राहायचं, हाताच्या रेट्याने उठून बसायचं, जरा थांबून मग उभं राहायचं. दूधवाला थांबतो. वैनी, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. झालेलं सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला आणि बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोन्ही वेळा मोजून घ्या.

वैनी (१०४)
हे कुणी सांगितलंच नव्हतं आम्हाला.

काका (२०३)
टेरेस उघडायचंच असेल तर माझाही एक मुद्दा घ्या. बॅचमध्ये निम्म्याहून जास्त मराठी माणसं आहेत. मोजणी मात्र कन्नडमध्ये. मागच्या मीटिंगलाही बोललो होतो, मिनिट्समध्ये आलं नाही.

सेक्रेटरी
काका, विषय काय चाललाय, तुम्ही काय काढताय. बेळगावचा सीमाप्रश्न ह्या ग्रुपवर नको, आधीच ठरलंय.

टीचर (बी-१०२)
नमस्कार री. उद्यापासून मी मराठीत मोजते. चुकलं तर सांभाळून घ्या री 🙏

अक्का (३०२)
टीचर, काही बदलू नका. ओंदु, एरडु, मूरु, रोज भाजी घेताना मोजतोच की आपण. काका, ही बाई गेले दीड वर्ष एक रुपया न घेता पहाटे साडेपाचला उठून येते. तिला असं लिहायचं?

काका (२०३)
मी व्यक्तीबद्दल बोललो नाही. तत्त्वाबद्दल बोललो.

अक्कांचा मुलगा (पुणे)
काका, बी. के. एस. अय्यंगार गुरुजी मूळचे कर्नाटकातले, बेल्लूरचे. १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि २०१४ मध्ये ९५ व्या वर्षी तिथेच गेले. माणूस वाकत नाही तर खुर्ची द्या, पट्टा द्या, हाताखाली लाकडी वीट द्या, ही पद्धत त्यांनी जगभर पोचवली. आईला मी ह्याच कारणाने क्लासला जा म्हटलं होतं.

मास्तर (२०१)
टेरेसची किल्ली कोणाकडे आहे?

बंडू (जी-२)
मास्तर, तुमचा मेसेज अडकलाय काय? तिसऱ्यांदा आला.

अक्का (३०२)
आता माझं ऐका, मग काय ते कुलूप लावा. माझी डावी चप्पल कायम बाहेरच्या कडेने झिजायची. आरपीडी कॉर्नरचा चांभार दर पावसाळ्याच्या आधी म्हणायचा, अक्का, तुम्ही पाय वाकडा टाकता. मला पटायचं नाही. गेल्या जूनमध्ये टेरेस ओलं होतं, टीचरनी अनवाणी ताडासनात उभं केलं आणि म्हणाल्या, आता मागं सरका, आपला ठसा बघा. उजव्या पायाची पाचही बोटं नीट उमटली होती. डाव्याची नुसती टाच आणि बाहेरची कड. अंगठा नाहीच. एकाहत्तर वर्षं ह्या पायावर चालले आणि माझा अंगठा जमिनीला टेकत नाही हे मला माहीत नव्हतं. तीन महिने नुसतं तेवढंच केलं. उभं राहायचं, अंगठा शोधायचा, वजन तिथं न्यायचं. आता जिना उतरताना कठडा धरते, पण त्याला लोंबकळत नाही. वैनी, मला पाय डोक्यावर घ्यायचा नाही. बाथरूममध्ये पाय कुठं पडलाय ते बघितल्याशिवाय कळावं, एवढंच पाहिजे.

वैनी (१०४)
अक्का, मामंजी आता समोर भिंतीला हात लावून उभे राहिलेत. अंगठा शोधू लागलेत.

नाना (१०४)
सापडला. थंड लागला फरशीला.

फिजिओताई (४०१)
अक्का बोलल्या तेच खरं. डोळे, आतला कान आणि तळपाय, तोल ह्या तिघांवर असतो. वय झालं की डोळे आणि कान कमी पडतात, मग तळपायाने जास्त सांगावं लागतं. शुगर जुनी असली की तोही बधिर होतो, म्हणून शुगरवाल्यांनी रोज तळवा आरशात बघायचाच. आणि वैनी, फेऱ्या सोडू नका, पण नुसत्या फेऱ्या पुरत नाहीत. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करावा, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकद ह्यासाठी द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून बसणं हासुद्धा ताकदीचाच व्यायाम.

काका (२०३)
शीर्षासन, कपालभाती चालतं काय? माझं बीपी १५० च्या आसपास असतं.

फिजिओताई (४०१)
काका, तुम्ही दोन्ही नको. श्वास कोंडूनही धरायचा नाही. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाईल असं काही नको. हाडं ठिसूळ सांगितलेल्यांनी पुढे वाकून पायाचा अंगठा धरायचा हट्ट नको, मणका दबतो. पतंजलींनी आसनाची व्याख्या स्थिर आणि सुख ह्या दोन शब्दांत दिली आहे. दात-ओठ खाऊन केलं तर त्यातलं सुख गेलं.

सेक्रेटरी
सगळं मान्य. पण टेरेसवर शेवाळ आहे ते आहेच. नाना चक्करेने पडले, दुसरा कोणी शेवाळावरून पडेल. कमिटीने दोनदा ब्लीचिंग टाकून घेतलं, परत येतं. मी काय करू?

मास्तर (२०१)
टेरेसची किल्ली कोणाकडे आहे हे मी सहापासून विचारतोय ते क्लाससाठी नव्हे. टाकीतला बॉल अडकलाय. पाणी भरून वाहू लागलंय, आत्ताही माझ्या खिडकीवरून धार पडतेय. तेच पाणी टेरेसभर पसरतं आणि त्यावरच शेवाळ धरतं. गेल्या दिवाळीत लेखी अर्ज दिला होता. पोच आहे माझ्याकडे. पाठवू काय?

अक्का (३०२)
अरे देवा. मास्तर, हे आधी नाही काय सांगायचं!

मास्तर (२०१)
आधी म्हणजे दिवाळीत.

सेक्रेटरी
मास्तर, अर्ज माझ्या आधीच्या कमिटीला होता. असो. प्लंबरला फोन लावला, दहाला येतो. शेवाळ घासून टेरेस वाळेपर्यंत क्लास खाली पार्किंगमध्ये घ्या. भिंतीकडच्या दोन गाड्या काढायला सांगतो. अक्का, न विचारता कुलूप लावलं ते चुकलं माझं.

अक्का (३०२)
असू दे. उद्या तुम्हीपण या. पन्नाशी झाली की तुमची.

टीचर (बी-१०२)
उद्या सहा वाजता पार्किंग री. हात नसलेली, न हलणारी खुर्ची प्रत्येकाने आणा. चाकाची नको, प्लास्टिकची पातळ नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल त्यांनी आधी दोन घास खाऊन या, खडीसाखर जवळ ठेवा.

वैनी (१०४)
मामंजींची खुर्ची मी आणते. माझीपण एक.

नाना (१०४)
मला भिंतीजवळची जागा धरा गा. दूधवाल्याला साडेसातला यायला सांगितलंय.

मास्तर (२०१)
प्लंबर दहाला येणार ते ठीक. आता आठ वाजलेत, पाणी वाहतंय. टेरेसची किल्ली कोणाकडे आहे?

सेक्रेटरी
माझ्या खिशात. मी ऑफिसला निघालो होतो, गोगटे सर्कलवरून परत वळलोय.