चिनी वेब कादंबऱ्या : तुमच्या डोक्यातून न जाणारा प्रसंग कोणता?

दोन वर्षांपूर्वी लोकलमध्ये वेळ जावा म्हणून पहिली उघडली. आता जेवताना मोबाईल उलटा ठेवायचा, असा आमच्या घरात माझ्यासाठी खास नियम आहे. हजार-दोन हजार प्रकरणांचा मामला. तिकडे वाचक हजार अक्षरांच्या हिशोबाने पैसे मोजतो, त्यामुळे लेखक ताणतात. याला चिनी वाचकही 'पाणी घालणं'च म्हणतात हे कळल्यावर मला फार घरचं वाटलं. तर एवढ्या पाण्यात तुमच्या हाताला काय लागलं ते लिहा. गोष्टी फुटतील, ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी जपून.

माझं सांगते. 'लॉर्ड ऑफ द मिस्टरीज', २०१८ ते २०२० मध्ये आलेली. त्यातला कॅप्टन डन स्मिथ कमालीचा विसरभोळा. नायक क्लाइन त्याच्या खोलीतून निघाला, दाराशी पोचला की मागून हाक येणार, अरे हो, एक राहिलंच. पहिल्यांदा हसले, नंतर कंटाळले (आमचे साहेब अगदी असेच). पहिल्या खंडाच्या शेवटी डन जातो. त्यानंतर बरेच दिवस गोष्टीत कोणीही दाराशी गेलं की मी त्या हाकेची वाट बघायचे. राखाडी धुकं, टॅरो क्लब, देवादिकांची भांडणं, सगळं झकास आहे. पण माझी कादंबरी त्या दारापाशी आहे.

पुण्याहून

'मो दाओ जू शी'. सगळे वेई वूश्यान आणि लान वांगजी या नायकांबद्दल लिहितील, मी वेई वूश्यानबरोबर वाढलेल्या च्यांग छंगबद्दल लिहिते. इंग्रजी भाषांतरात जिन लिंग या पोराला दोन 'अंकल' आहेत. मूळ चिनीत मात्र एक मामा (हाच च्यांग छंग) आणि एक धाकटा काका! मला हे कळलं तेव्हा पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गेलेल्या बहिणीचं पोर वाढवणारा, उठता-बसता 'तंगडी मोडीन' म्हणणारा आणि पोराला खरचटलं तरी कासावीस होणारा हा माणूस आपल्याकडे दर तिसऱ्या घरात सापडेल.

आणि तो तलवारीचा प्रसंग. वेई वूश्यानच्या तलवारीचं नाव 'स्वेबियान', म्हणजे 'काहीही'. नाव काय ठेवायचं विचारलं तर हा म्हणाला काहीही, तेच कोरलं गेलं. ही तलवार मालकाशिवाय कोणाला उपसता येत नाही. वेई वूश्यानचा साथीदार वन निंग ती च्यांग छंगच्या हातात देऊन म्हणतो, उपस. ती सर्रकन बाहेर येते. आपल्या अंगातलं बळ आपलं नाहीच, ज्याचा आयुष्यभर राग केला त्याने स्वतःच्या शरीरातून काढून दिलंय, हे त्याला तिथे कळतं. मग तो वेड्यासारखा दिसेल त्याला धरून तलवार उपसायला लावतो. कोणाला तरी जमू दे, म्हणजे ते खोटं ठरेल. कोणालाच जमत नाही. रात्री दीड वाजता वाचलं. सकाळी डोळे सुजले होते, आईला सर्दी सांगितली.

जळगाव जिल्हा, रोपवाटिका

'अ रेकॉर्ड ऑफ अ मॉर्टल्स जर्नी टू इम्मॉर्टॅलिटी'चा नायक हान ली. गरीब शेतकऱ्याचं पोर, रंगाने सावळं, दिसायला चारचौघांसारखं. हातात एक हिरवी बाटली येते, तिच्या थेंबाने औषधी झाडं झटपट जुनी होतात. माझ्यासारख्याला हे वाचून हेवा वाटणारच. पण आवडतो तो भित्रेपणासाठी. शिर सलामत तर पगडी पचास, हा त्याचा खाक्या. आधी पळायची वाट शोधतो, मग लढतो. त्याला शिकवणारा मो वैद्य मुळात त्याचं शरीरच बळकावायला बसलेला असतो, ते वाचताना आमच्या भागातला एक बुवा आठवला. जास्त लिहीत नाही.

कोल्हापूर

माझी तक्रार. 'बॅटल थ्रू द हेवन्स'मध्ये नालान यानरान नायक शाओ यानशी ठरलेलं लग्न मोडायला येते आणि तमाम वाचक तिला शिव्या घालतात. का? आजोबांनी परस्पर ठरवलेलं लग्न, तिला नको होतं. पद्धत चुकली, भरल्या बैठकीत त्याच्या बापाची मान खाली घालायला लावली, हे कबूल. पण शाओ यान 'नदीच्या पूर्वेला तीस वर्षं, पश्चिमेला तीस वर्षं' असं ऐकवतो (आपले चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे) तेव्हा मी तिच्याच बाजूने होते. बाकी प्रत्येक कादंबरीत लिलाव, आणि प्रत्येक लिलावात एक माजोरडा श्रीमंत पोरगा. पुरे आता.

नाशिक, सध्या रात्रपाळी

'द किंग्ज अवतार'. ये श्यू हा ऑनलाइन गेमचा व्यावसायिक खेळाडू, पंचविशीत संघातून बाहेर काढला जातो. दहा वर्षं जपलेल्या गेममधल्या खात्याचं कार्ड नव्या पोराच्या हातात देताना त्याचे ते नेहमी स्थिर असणारे हात थरथरतात. बाहेर बर्फ. रस्ता ओलांडून समोरच्या नेट कॅफेत शिरतो आणि तिथेच रात्रपाळीला लागतो. रडगाणं नाही, लगेच खेळायला बसतो. मला कंपनीने 'या महिन्यापर्यंतच' सांगितलं त्या आठवड्यात हे वाचत होतो. मी काही तेवढा शांत नव्हतो.

ठाणे

वरचं 'जपून' आत्ता वाचलं. डन मेला??